चौदा वर्षांची वाट आणि साठ डॉलर

कलाकृतीचा आस्वाद ती हाती पडण्यापूर्वीच सुरू होतो, असे आम्ही साहित्याच्या वर्गात सांगत असतो. 'ड्यूक न्यूकेम' या अमेरिकी व्हिडिओ गेम मालिकेचा इतिहास पाहताना हे विधान निराळ्याच अंगाने पटते.

१९९१ साली 'अपोजी' कंपनीने पहिला खेळ काढला तो शेअरवेअर पद्धतीने. पहिला भाग फुकट, हवा त्याला वाटावा; आवडलाच तर पैसे धाडून पुढचे भाग मागवावेत. खेळणाऱ्याने गमावावे असे त्यात काहीच नव्हते. जे मिळे तो लाभच. १९९६ चा 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'ही याच वाटेने आला आणि गाजला.

१९९७ मध्ये 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'ची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी त्याचे इंजिन बदलले. तारीख विचारणाऱ्यांना, तयार झाल्यावर येईल, एवढेच उत्तर मिळे. (आमच्याकडील काही विश्वकोशांची आठवण व्हावी!) २००९ मध्ये निर्मात्यांच्या चमूला घरी पाठवण्यात आले, २०१० मध्ये 'गिअरबॉक्स'ने काम हाती घेतले आणि जून २०११ मध्ये खेळ एकदाचा अवतरला. कन्सोलवर किंमत सुमारे ६० डॉलर, कोणत्याही नव्या मोठ्या खेळाइतकीच. समीक्षकांनी तो झोडपला.

खेळ सदोष होताच. विनोद तर शिळेच होते. परंतु असे कितीतरी खेळ निमूटपणे विस्मरणात जातात, त्यांच्यावर कोणी रागावत नाही. हा राग वाट पाहण्याचा होता, असे मला वाटते. पुढे सवलतीच्या विक्रीत तोच खेळ अवघ्या काही डॉलरांत मिळू लागला. तेव्हा तो घेणाऱ्या पोरासोरांनी १९९७ ची घोषणा ऐकलेलीही नव्हती.