सत्तर गावं आणि एक हब

वर्गात हजेरी घेताना मास्तर एक नाव पुकारतात. ऐकतो सगळा वर्ग, पण ‘हजर’ म्हणतो एकच. संगणकांच्या जाळ्यातला हब नावाचा डबा हेच करतो. एका तारेतून आलेला निरोप तो उरलेल्या सगळ्या तारांवर पाठवतो. ज्याच्या नावाचा असेल तो संगणक निरोप ठेवून घेतो, बाकीचे सोडून देतात. दोघे एकदम बोलले तर निरोप बिघडतो. मग दोघंही गप्प होतात आणि कमीजास्त वेळ थांबून पुन्हा बोलतात. किती समजूतदारपणा!

या पद्धतीचं नाव इथरनेट. रॉबर्ट मेटकाफ यांनी अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 22 मे 1973 रोजी तिचं टिपण लिहिलं. सुरुवातीला सगळे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. ती तुटली की सगळंच ठप्प. 1990 साली पीळ दिलेल्या तांब्याच्या तारांचं प्रमाण ठरलं. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार आणि मधोमध हब. आता एक तार तुटली तर एकच संगणक बंद पडतो. अट एवढीच, की तार 100 मीटरपेक्षा लांब नको. अंतर जास्त असेल तर मध्ये आणखी एक हब बसवायचा. म्हणजे हबनेच संगणकाच्या जवळ जायचं. आज हबची जागा स्विचने घेतली आहे, पण 100 मीटरचा नियम तसाच आहे.

महाराष्ट्रात हाच विचार गावांच्या पातळीवर झाला तो वारणेत. 1998 साली कोल्हापूर-सांगलीकडच्या 70 गावांत संगणक केंद्रं उघडून ती वारणानगरशी जोडायची योजना आली. बाजारभाव, दाखले, शेतीसल्ला असं बरंच काही मिळणार होतं. प्रत्यक्षात केंद्रं मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी वापरली गेली. 2006-07 मध्ये काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं आणि तेही चाललं. शेतकऱ्याला हवं होतं ते आपल्या उसाचं वजन. ते कोणत्या डब्यातून येतं याच्याशी त्याला काय देणंघेणं?

योगायोग बघा, आमच्या गडचिरोलीतल्या सूरजागड इलाख्यातही गावं 70च. एटापल्ली तालुक्यातली ही माडिया गावं दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला डोंगरावर जमतात. तिथे पूजा होते, तशी जंगल-जमिनीच्या प्रश्नांवर बोलणीही होतात. एका गावचं गाऱ्हाणं सगळ्या गावांच्या कानी जातं. तारेशिवायचा हबच की हा!

याच डोंगरात लोहखनिज आहे. 2007 साली खाणीचा पट्टा दिला गेला आणि 2016 साली खोदकाम सुरू झालं. पुढे वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांपर्यंत उत्पादन वाढवायचं ठरलं. त्याची जनसुनावणी 27 ऑक्टोबर 2022 रोजी झाली, तीही एटापल्लीत नव्हे, तर कितीतरी दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीत. ज्यांच्या डोंगराचा प्रश्न, त्यांनीच एवढी मजल मारून बोलायला यायचं.

गावोगावी तारा आणि टॉवर पोचायलाच हवेत, याबद्दल दुमत नाही. पण हबच्या प्रत्येक तारेतून निरोप जातो तसा येतोही. नुसते हुकूम गावात पोचवणारी तार म्हणजे जाळं नव्हे, तो लाउडस्पीकर झाला. बोलणाऱ्याचा आवाज जिथवर शाबूत पोचतो, तिथवर मधला डबा नेऊन ठेवावा लागतो. तांब्याच्या तारेला आपण हे 1990 साली कबूल केलं. माणसांना कधी करणार?