मस्टरपासून मांडवापर्यंत : जनसुनावणीची कुळकथा

गावाशेजारी खाण, बंदर किंवा औष्णिक वीज केंद्र यायचे ठरले की वर्तमानपत्रात एक चौकट छापून येते : प्रदूषण नियंत्रण मंडळातर्फे पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी. ठरल्या दिवशी मांडव उभा राहतो. व्यासपीठावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकारी, शेजारी मंडळाचे अधिकारी, कडेला पोलीस बंदोबस्त. कंपनीचा सल्लागार पडद्यावर आकडे दाखवतो, मग माइक लोकांकडे येतो. या सगळ्याची आता इतकी सवय झाली आहे, की जनसुनावणी सरकारी कचेरीतच जन्मली असे कोणालाही वाटावे. तिचे कूळ मात्र वेगळे आहे. तिच्या पूर्वजांत चंपारणचे नीळ पिकवणारे शेतकरी आहेत, कॅनडाच्या उत्तरेकडचे शिकारी आहेत, नर्मदाकाठचे आदिवासी आहेत आणि राजस्थानात दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्या बाया आहेत. तिला आजचे रूप आले ते मुख्यतः या बायांमुळे.

सुरुवात चंपारणपासून करू. एप्रिल १९१७मध्ये गांधी तिथे पोहोचले, तेव्हा 'तीनकठिया' पद्धतीने रयतेला जमिनीच्या दर २० कठ्ठ्यांमागे ३ कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावावी लागे. गांधींनी ना सभा गाजवल्या, ना बहिष्कार पुकारला. राजेंद्रप्रसाद, ब्रजकिशोरप्रसाद यांच्यासारखे वकील कारकुनासारखे बसवले आणि रयतेच्या जबान्या लिहून घ्यायला लावल्या. प्रत्येकाची उलटतपासणी व्हायची. जो टिकायचा नाही त्याची जबानी बाजूला पडायची. गुप्त पोलिसांचा माणूस तिथेच बसलेला असे आणि त्याला कोणी उठवत नसे, कारण लपवायचे काहीच नव्हते. तक्रार उघड्यावर सांगायची, ती आधी स्वतः तपासायची आणि ज्याच्याविरुद्ध सांगतो त्यालाही ऐकू द्यायची, या तीन गोष्टी इथे एकत्र आल्या. त्या जबान्यांच्या बळावर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९१८मध्ये तीनकठिया कायद्याने गेली.

जबानी द्यायला येत होते ते मात्र बहुतेक पुरुषच. बायकांची हकीकत कळली ती नंतर, शाळा उघडण्याच्या निमित्ताने बाया घरोघर गेल्या तेव्हा. या कामासाठी मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या होत्या. कपडे मळके का, असे कस्तुरबांनी एका बाईला विचारले, तेव्हा अंगावरच्या लुगड्याखेरीज दुसरे लुगडेच नाही असे तिने घरात नेऊन दाखवले. गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत नोंदवला आहे. वकिलांच्या वहीत ही नोंद आली नसती.

दुसरी शाखा कॅनडाची. उत्तर ध्रुवाकडचा नैसर्गिक वायू मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला आणणारी नळवाहिनी टाकायचा बेत होता. मार्च १९७४मध्ये सरकारने न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांची चौकशीसाठी नेमणूक केली. बर्जर यांनी चौकशीचे दोन भाग केले. एका भागात तज्ज्ञ आणि कंपन्यांचे वकील, दुसऱ्या भागात गावोगावच्या बैठका. डेने, इनुइट आणि मेती लोकांच्या ३५ वस्त्यांवर ते स्वतः गेले. लोक आपल्या भाषेत बोलले, दुभाषांनी ते सांगितले आणि त्या दिवसाचा गोषवारा स्थानिक भाषांत रेडिओवरून सगळीकडे गेला. कंपन्यांकडे पैसा आणि अभ्यासक होते. लोकांकडे ते नव्हते, म्हणून आदिवासी संघटनांना आणि पर्यावरणवाद्यांना तयारीसाठी सरकारी निधी मिळवून दिला गेला. सुमारे हजार लोकांची साक्ष झाली. मे १९७७मध्ये आलेल्या अहवालात बर्जर यांनी उत्तर युकॉनच्या किनाऱ्यावरून नळवाहिनी कधीच नेऊ नये आणि मॅकेंझी खोऱ्यातली १० वर्षे लांबणीवर टाकावी, असे सांगितले. शिकाऱ्याच्या शब्दाला अभियंत्याच्या नकाशाइतके वजन मिळाले ते या चौकशीत.

हेच बर्जर पुढे आपल्याकडे आले. १९९०च्या अखेरीस नर्मदा बचाओ आंदोलनाची संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली. तिथे जानेवारी १९९१मध्ये मेधा पाटकर आणि त्यांचे साथीदार उपोषणाला बसले. सरदार सरोवराला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला अखेर स्वतंत्र फेरतपासणी नेमावी लागली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स आणि उपाध्यक्ष थॉमस बर्जर. ही मंडळी धरणाच्या खोऱ्यात फिरली, गावकऱ्यांशी बोलली. जून १९९२मधल्या त्यांच्या अहवालाने बँकेला प्रकल्पातून पाऊल मागे घेण्याचा सल्ला दिला. मार्च १९९३मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतःचे तपासणी मंडळ स्थापन केले. धरण पुढे झालेच. पण ज्यांचे घर बुडणार त्यांना विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे तत्त्व बँकेच्या नियमांत शिरले. महाराष्ट्राचा त्यात वाटा आहे : बुडणाऱ्या गावांत अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली अगदी आघाडीवर होते.

तोवर या सगळ्या चौकशा बाहेरून आलेल्या होत्या. न्यायमूर्ती किंवा नेता यायचा आणि लोकांचे ऐकायचा. लोकांनीच सुनावणी बोलवावी आणि अधिकाऱ्याला तिथे निमंत्रण धाडावे, ही उलटापालट राजस्थानात झाली, आणि तिचे मूळ मजुरीच्या भांडणात आहे.

१९८१मध्ये अजमेर जिल्ह्यातल्या हरमाडा गावी दुष्काळी कामावर रस्ता होत होता. मजूर मुख्यतः बाया. किमान मजुरी दिवसाला ७ रुपये, हातात पडत होते त्याहून बरेच कमी. काम मापात बसले नाही, असे सांगितले जाई. नौरतीबाई या दलित मजूर बाईने पुढे होऊन अंगठा द्यायला नकार दिला आणि इतर बायांना एकत्र केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८३मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने सांगितले, की दुष्काळी काम असले तरी किमान मजुरीहून कमी देणे ही वेठबिगारीच आहे आणि घटनेच्या कलम २३चा तो भंग आहे. याच नौरतीबाई पुढे संगणक शिकल्या आणि २०१०मध्ये गावच्या सरपंच झाल्या.

निकाल लागला तरी गावातली मजुरी बदलली नाही. १९८७मध्ये अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकरसिंह राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरीला राहायला आले. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. संघटनेने उपोषणे केली, धरणे धरले. दर वेळी अधिकाऱ्यांचे उत्तर एकच : मस्टर (हजेरीपट) सांगते, तुम्ही काम केलेले नाही. मग मस्टर दाखवा म्हटले, तर ते गोपनीय. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर राबलेल्या कोणालाही मस्टरची महती ठाऊक आहे. मजुराचे पोट त्या एका कागदावर, आणि तोच कागद मजुराने पाहायचा नाही. तेव्हा संघटनेला कळले, की मजुरीच्या भांडणाआधी कागदाचे भांडण जिंकायला हवे.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई भरली. तिची रीत अशी : आधी मिळतील ती मस्टरे, बिले आणि व्हाउचर मिळवायची. ती घेऊन घरोघर जायचे आणि ज्याचे नाव लिहिले आहे त्याला विचारायचे. मग उघड्या जागी कापडी मांडव घालायचा आणि पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी असे बाहेरचे लोक पंच म्हणून बसवायचे. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता यांना रीतसर बोलवायचे आणि मोठ्याने मस्टर वाचायचे. नाव, दिवस, रक्कम. नाव निघालेला माणूस उठून सांगणार, की मी या कामावर गेलोच नाही, किंवा गेलो पण एवढे मिळाले नाहीत. मेलेल्यांची नावे निघाली, परगावी नोकरी करणाऱ्यांची निघाली. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतीला प्रत्यक्षात छप्परच नव्हते. पाच दिवसांनी भीम येथे दुसरी सुनवाई झाली, त्यानंतरच्या महिन्यांत आणखी. निवाडा कोणीच देत नसे. वाचन, साक्ष आणि उत्तराची संधी, इतकेच. पण गावासमोर उच्चारलेली रक्कम मागे घेता येत नाही. १९९८मध्ये कूकरखेड्याच्या सुनवाईत सरपंचबाईंनी खाल्लेल्या पैशांपैकी १ लाख रुपये लोकांदेखत परत केले.

बाया इथे पुढे का आल्या, याचे कारण साधे आहे. पुरुष कामधंद्याला बाहेरगावी गेलेले, दुष्काळी कामावर राबणाऱ्या याच, म्हणून मस्टरवरची नावेही यांचीच. बोलायला वक्तृत्व लागत नव्हते. आपले नाव आणि आपल्याला मिळालेले पैसे, याची साक्ष फक्त त्या बाईलाच देता येत होती. माहितीचा अधिकार तुम्हाला कशाला हवा, असे दिल्लीत पत्रकारांनी विचारले, तेव्हा संघटनेच्या, चौथी शिकलेल्या सुशीला यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : मुलाला १० रुपये देऊन बाजारात पाठवले तर मी हिशेब विचारते, सरकार माझ्या नावावर लाखो खर्च करते, मग त्याचा हिशेब का विचारू नये? 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा याच तर्काची. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावरला ४० दिवसांचे धरणे झाले. माहितीच्या अधिकाराचा मसुदा प्रेस कौन्सिलने तयार केला, तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. गोव्याने १९९७मध्ये, राजस्थानने २०००मध्ये, महाराष्ट्राने २००२मध्ये आपापले कायदे केले. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी अमलात आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम १७मध्ये ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करावे असे आले. कोट किरानाच्या मांडवातली रीत अशी कायद्याच्या पुस्तकात गेली. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवरच्या लोकाधारित देखरेखीत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर जनसुनवाया भरू लागल्या, त्याही याच घराण्यातल्या.

पर्यावरणाची सुनावणी ही दुसरी, सरकारी शाखा. १९९४च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत १० एप्रिल १९९७ रोजी दुरुस्ती होऊन ती सक्तीची झाली. आज चालते ती १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे. ३० दिवसांची नोटीस, अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत, सगळ्याचे चित्रीकरण. वाचताना चांगलेच वाटते. पण त्याच अधिसूचनेत गणपूर्तीची अट नाही, म्हणजे मांडवात मोजकीच माणसे असली तरी सुनावणी पुरी. व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी मत द्यायचे नाही, मतदान नाही. लोकांनी काय विचारले आणि कंपनीने काय म्हटले याचा तक्ता वर जातो आणि निर्णय दूर कुठेतरी होतो.

मे २०१०मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या सुनावणीच्या वेळी माडबन परिसरातल्या ग्रामस्थांची मुख्य तक्रार हीच होती, की मराठीतला अहवाल वेळेत हातात आला नाही. २०२०मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचे सुचवले होते, आणि मसुदा होता फक्त इंग्रजी-हिंदीत. तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. म्हणजे भांडण पुन्हा तिथेच आले : कागद कोणाच्या हातात, आणि कोणत्या भाषेत.

या शाखेला वजन आलेच नाही असे नाही. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे तिथल्या ग्रामसभांना ठरवू दिले. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरिया कोंधांच्या आणि शेजारच्या वस्त्यांच्या १२ सभा झाल्या, न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर होते. बाराही सभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही. फरक इतकाच, की इथे सभेच्या उत्तराला कायद्याने किंमत दिली होती.

दोन्ही शाखा शेजारी ठेवल्या की निदान स्पष्ट होते. राजस्थानच्या बायांनी बोलण्याचा हक्क मागितला नव्हता. बोलत त्या आधीही होत्याच. त्यांनी कागद मागितला आणि समोरच्याला उत्तर द्यायला लावले. सरकारने सुनावणी घेतली तेव्हा मांडव आणि माइक तेवढा घेतला. कागद वाचण्याचा भाग सल्लागाराच्या पडद्यावर गेला आणि उत्तर देण्याचा भाग तक्त्यातल्या एका रकान्यात. ऐकून घेतले म्हणजे विचारले, असा समज त्यातून रुजला. तो मोडायला कायदा बदलावा लागेल हे खरे, पण आहे त्या नियमांतही वाचकाच्या हातात थोडे आहे. तुमच्या जिल्ह्यात जनसुनावणीची चौकट छापून आली, तर ३० दिवस वाया घालवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा जिल्हा परिषदेतून मराठी गोषवारा घ्या. गावातल्या बायांबरोबर बसून तो ओळीने वाचा, कारण विहीर, गुरे आणि सरपण यांबद्दल त्यात काय खोटे लिहिले आहे ते त्यांना आधी कळेल. लेखी हरकत द्या. सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणे नियमाने बंधनकारक आहे. ते वाचून होईपर्यंत आणि आपला प्रश्न त्यात आला आहे याची खात्री होईपर्यंत मांडवातून उठू नका.