कॅम्पिंग ट्रेलर : बॅटरी व गॅस सिलिंडरची साठवण (अजमान)

मोटारीच्या मागच्या हूकला जोडून ओढत न्यायचे छोटे फिरते घर म्हणजे कॅम्पिंग ट्रेलर. आत दोन-तीन माणसांना निजण्यापुरती जागा, एक ओटा, छोटा फ्रिज आणि दिवे एवढाच संसार असतो. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. शेगडी आणि काही ट्रेलरांत फ्रिजसुद्धा सिलिंडरच्या गॅसवर चालतो. थंड देशांत हा गॅस बहुधा निव्वळ प्रोपेन असतो. भारतात आणि आखातात प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. बैलगाडीला जशी दांडी, तशी ट्रेलरला पुढे त्रिकोणी लोखंडी चौकट असते. बॅटरी आणि सिलिंडर बहुतेक ट्रेलरांत या चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेले असतात. एकीत ठिणगी आणि दुसऱ्यात इंधन. त्यांच्यामध्ये हातभर अंतर आणि पत्र्याची एक भिंत. हा शेजार कसा सांभाळायचा, हा या नोंदीचा विषय.

अजमान हे संयुक्त अरब अमिरातीतील सात अमिरातींपैकी क्षेत्रफळाने सर्वांत लहान, सुमारे २६० चौ. किमी. मुख्य शहर किनाऱ्यावर, शारजाला लागून आहे; मनामा आणि मसफूत हे अमिरातीचे दोन भाग मात्र मुख्य भूमीपासून तुटून आत आहेत. मनामा शहरापासून पूर्वेला सुमारे ६० किमी. वर आहे, तर मसफूत सुमारे ११० किमी. दूर, हजर डोंगररांगेत, हत्ता या गावाच्या शेजारी. नोकरी दुबईत किंवा शारजात आणि घर अजमानात, कारण तिथले भाडे परवडते, अशी बरीच मराठी कुटुंबे आहेत. नोव्हेंबर ते मार्च हा वाळवंटात आणि डोंगरातल्या वादीकाठी (वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढ्याचे पात्र) मुक्काम करण्याचा हंगाम. जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारी आली आणि शुक्रवारी दुपारीच निघणे सोयीचे झाले. एप्रिलपासून उकाडा सुरू होतो आणि ट्रेलर एखाद्या मोकळ्या आवारात उभा राहतो. सहलीच्या रात्री घरातली सगळी माणसे आगीबाबत सावध असतात. खरी काळजी करायची ती नंतरच्या सात-आठ महिन्यांची, ट्रेलर ४५ अंशांच्या उन्हात एकटा उभा असतानाची. या विषयावरची बहुतेक माहिती थंड हवेच्या देशांत लिहिली गेली आहे. तिच्यात बॅटरी गोठण्याची चिंता पानेच्या पाने असते. उन्हात तापण्याबद्दल फार थोडे सापडते.

आधी दोन्ही वायूंचा स्वभाव. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो: प्रोपेन सुमारे दीडपट, ब्यूटेन दुप्पट. गळला की तो पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, पलंगाखालच्या कप्प्यात साचून राहतो. चार्ज होणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका; तो सरळ वर जातो आणि झाकणाखाली कोंडतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीला भोके तळाशी हवीत आणि ती पेटी ट्रेलरच्या आत उघडता कामा नये. बॅटरीच्या पेटीला वाट हवी ती माथ्याशी, बाहेर नेणाऱ्या नळीसकट. दोन्ही वस्तू एकाच बंद पेटीत ठेवल्या तर एका वायूला वर वाट नाही, दुसऱ्याला खाली नाही, आणि पेटवायला बॅटरीचे टर्मिनल तयार असते. जागा वाचते म्हणून एकच मोठी पेटी करून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, यात तडजोडीला जागा नाही.

आकडे पाहिले म्हणजे ही सक्ती पटते. हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकते. लहान ट्रेलरची आतली जागा १२ घनमीटर धरली, तर अर्धा किलो गॅस गळणे त्यासाठी पुरेसे आहे. अमिरातीत घरगुती वापराचा लहान सिलिंडर ११ किलोचा मिळतो. म्हणजे त्यातला विसावा हिस्सा. हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तोही पेटतो. पूर्ण भरलेल्या सहा घरांच्या बॅटरीत एक अँपिअरचा प्रवाह तासभर जास्तीचा गेला, तर सुमारे अडीच लिटर हायड्रोजन निघतो. पन्नास लिटरच्या घट्ट बंद पेटीत ४ टक्के म्हणजे दोनच लिटर.

उन्हाळ्याचा पहिला मार बॅटरीवर बसतो. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते. न वापरताही ती आपोआप उतरत जाते, आणि उन्हात हे उतरणे कितीतरी वेगाने होते. पंचवीस अंशांना महिन्याला तीन ते पाच टक्के उतरणारी बॅटरी उन्हाळ्यात त्याच्या तिप्पट-चौपट उतरू शकते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि नोव्हेंबरात ती चार्ज घेत नाही. चार्जर कायमचा लावून ठेवणे हा उपाय वाटतो, पण त्यात दुसरी मेख आहे. १४.४ व्होल्ट ही पातळी पंचवीस अंशांसाठी ठरलेली असते. पंचेचाळीस अंशांच्या हवेत ती जवळपास अर्ध्या व्होल्टने खाली आणावी लागते. नाहीतर बॅटरीतले पाणी उकळल्यासारखे बुडबुडत वायू होऊन जाते. तापमान ओळखून व्होल्ट कमी करणारा चार्जर नसेल, तर छतावरच्या सौर पॅनेलला जोडलेली बॅटरी उन्हाळाभर तशीच ठेवू नये.

लोखंड आणि फॉस्फेट वापरणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आता ट्रेलरांत बऱ्याच दिसतात. १०० अँपिअर-तासांची शिसे बॅटरी २५ ते ३० किलोंची असते. तेवढ्याच क्षमतेची ही बॅटरी बारा किलोंच्या आसपास. ट्रेलरच्या हूकवर पडणारे वजन मोजूनमापून ठेवावे लागते, त्यामुळे हा फरक मोठाच आहे. तिच्यातून हायड्रोजन निघत नाही आणि मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियमच्या मानाने ती पेट घ्यायला नाखूष असते. मात्र साधारण ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करायचे नसते, आणि अजमानात ऊन लागलेली बंद पेटी सकाळीच ती मर्यादा ओलांडते. हंगाम संपला की ही बॅटरी अर्धी भरलेली ठेवून, उतरवून, वातानुकूलित घरात आणणे सर्वांत बरे. शिसे-आम्ल बॅटरीही घरी आणावी, पण पूर्ण भरून, महिन्यातून एकदा चार्ज करून, आणि तो चार्ज उघड्या खिडकीशी. झोपायच्या खोलीत कधीच नाही.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक सुटे करायचे आणि बसवताना ते शेवटी जोडायचे. कारण साधे आहे. ऋण टोक ट्रेलरच्या चौकटीला जोडलेले असते. धन टोकाचा नट फिरवताना पाना चौकटीला टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या पान्यातून जातो. पाना लाल होतो, वितळलेले शिसे उडते, आणि हे सगळे सिलिंडरपासून हातभर अंतरावर. फ्यूज धन टोकापासून वीतभराच्या आत असावा. फ्यूजच्या अलीकडची तार कातली गेली, तर तिला वाचवणारे काहीच नसते. किनाऱ्यावरच्या खारट दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी फार लवकर चढते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये. मग कोरडे पुसून व्हॅसलीनचा हलका हात फिरवावा. सैल आणि भुकटी चढलेला सांधा तापतो, आणि ठिणगी पडायची जागा तीच.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब किती गॅस शिल्लक आहे यावर नसून तापमानावर ठरतो. निव्वळ प्रोपेनचा दाब २० अंशांना सुमारे ८ बार असतो, ५० अंशांना १७ बार होतो. ब्यूटेनचा दाब ५० अंशांनाही ५ बारच्या आसपासच. सिलिंडर याहून पुष्कळ अधिक दाब सोसण्यासाठी घडवलेला असतो, त्यामुळे नुसत्या उन्हाने तो फुटेल ही भीती खरी नाही. खरी भीती जास्त भरलेल्या सिलिंडरची. १५ अंशांवरून ५० अंशांवर जाताना द्रव प्रोपेन आठव्या हिश्शाने फुगतो. म्हणून सिलिंडर सुमारे ८० टक्केच भरतात. मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस ओतून देणाऱ्या दुकानात ही पाचवा हिस्सा रिकामी जागा कोणी मोजत नाही. असा सिलिंडर ट्रेलरवर चढवू नये. अधिकृत गाडीवाल्याकडून सील असलेला सिलिंडर घ्यावा आणि तळाचे कडे गंजलेले असेल तर परत करावा.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा, प्रवासात आणि साठवणीतही. आडवा झाला की रेग्युलेटरकडे वायूऐवजी द्रव जातो, आणि द्रवाचा एक लिटर मोकळा झाला की सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. पट्टा खांद्याशी आणि कमरेशी, असे दोन ठिकाणी बांधावा. चढउताराच्या वाटेवर एकाच पट्ट्यातला सिलिंडर फिरत फिरत नळी पिरगाळतो. गावाहून येताना आणलेला रेग्युलेटर इथल्या सिलिंडरच्या तोंडावर घट्ट बसल्यासारखा वाटला तरी वापरू नये, कारण या तोंडांच्या जाती अनेक आहेत आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद असावी. फ्रिज गॅसवर असेल तर त्याच्या मागे एक लहानशी ज्योत सतत जळत असते, आणि ती घेऊन पेट्रोल पंपावर शिरणे म्हणजे आपल्यासह इतरांचा जीव टांगणीला लावणे.

उन्हाळ्यात सिलिंडर ठेवायचा कुठे, हा अजमानातला सर्वांत अवघड प्रश्न. बॅटरीसारखा तो घरी आणता येत नाही. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये किंवा बाल्कनीत सिलिंडर साठवणे हा शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. मोटारीच्या डिकीत ठेवला तर बंद गाडीतली हवा साठ अंशांपलीकडे जाते. मार्चअखेरच्या सहलीनंतर सिलिंडर वितरकाकडे परत करावा आणि नोव्हेंबरात नवा घ्यावा, हाच मार्ग योग्य आहे. गॅस उरलेला असतो म्हणून परत करायला जिवावर येते खरे, पण आठ महिने उन्हात कोणाची नजर नसलेल्या सिलिंडरच्या मानाने ते नुकसान काहीच नाही. मोकळ्या आवारात ठेवावाच लागला, तर तोंडावर टोपी बसवून, सावलीत, चारही बाजूंनी वारा खेळेल असा आणि गटाराच्या तोंडापासून दूर. गटारात उतरलेला गॅस कुठे वर येईल ते सांगता येत नाही.

पाऊस इथे क्वचित पडतो, पण पडला की वाद्या घटकाभरात वाहू लागतात. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे २४ तासांच्या आत २५४.८ मिमी. पाऊस नोंदला गेला. १९४९ पासूनच्या नोंदींतल्या देशातल्या सर्वांत मोठ्या पावसांत त्याची गणना होते. भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. न बांधलेला असेल तर तो नळी तोडून वाहत जातो. पाण्यात बुडालेली बॅटरी आणि चार्जर सुकल्यावरही तपासून घेतल्याशिवाय जोडू नयेत. वादीच्या कोरड्या पात्रात ट्रेलर उभा करू नये, हे इथे नव्याने आलेल्यांना आवर्जून सांगावे लागते, कारण तिथली सपाट रेती मुक्कामासाठीच घातल्यासारखी दिसते.

वासाची एक गल्लत सांगितलीच पाहिजे. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. जास्त चार्ज होऊन तापलेली शिसे-आम्ल बॅटरी हायड्रोजन सल्फाइड सोडते आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. अर्धवट झोपेत दोन्ही वास सारखेच वाटतात. शिवाय जमिनीलगत बसवलेला गॅसचा भोंगा हायड्रोजननेही वाजू शकतो. सिलिंडर बंद असताना भोंगा वाजत राहिला, तर बिघडलेला समजून त्याची तार ओढू नये. दोन्ही वासांत पहिली कृती एकच: माणसे बाहेर, दारे उघडी. मग आतले कोणतेही बटण न दाबता बाहेरून सिलिंडरची चावी बंद करावी, आणि चार्जरची जोडणी ट्रेलरपासून लांब, मुख्य टोकाशी तोडावी. फुगलेल्या किंवा तापलेल्या बॅटरीच्या टर्मिनलला ती गार होईपर्यंत पाना लावू नये. आग दिसली तर दूर जाऊन नागरी संरक्षण दलाला ९९७ वर फोन करावा.

नोव्हेंबरात पहिल्या सहलीआधी अर्धा तास काढावा. नळीवर छापलेले वर्ष वाचावे; नळी वाकवून पाहिली आणि बारीक भेगा दिसल्या, तर वर्ष कोणतेही असो, ती बदलावी. उन्हाने रबर बाहेरून शाबूत दिसत असतानाच कडक होते. भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस वाटीत करून ब्रशने रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांवर आणि शेगडीच्या बटणांमागे लावावा, मग सिलिंडरची चावी उघडून मिनिटभर टक लावून पाहावे. गळती असेल तर फेसात एक बुडबुडा उगवतो, वाटाण्याएवढा होतो, फुटतो आणि त्याच जागी पुन्हा उगवतो. सांधा उघडून वॉशर बदलावा, आणि फेस त्याच जागी नव्याने लावून परत पाहावे.