फसली की फसवली? आरंभीच्या मराठी स्त्री-गद्यातील बळजबरीची भाषा आणि तिचा अभ्यास

१

स्त्रियांनी लिहिलेल्या आरंभीच्या कथात्मक वाङ्मयात स्त्रीवरील लैंगिक बळजबरी कोणत्या शब्दांत सांगितली गेली, आणि पुढील अभ्यासकांनी ते शब्द कसे वाचले, हा प्रश्न इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासात गेली चार-पाच दशके चर्चिला जात आहे. मराठीत स्त्री-लेखनाच्या इतिहासाचे काम बरेच झाले असले, तरी या विशिष्ट प्रश्नाकडे भाषेच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न त्या मानाने थोडा झाला आहे. तसा एक प्रयत्न करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा लेख वरोरा येथे लिहिला जात आहे, आणि या स्थळाचा विषयाशी असलेला संबंध आरंभीच सांगणे उचित होईल. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला देशभर गाजला. त्या वेळी वरोरा व देसाईगंज ही दोन्ही गावे एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होती; गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्या खटल्यातील सारा वाद 'संमती' या एका शब्दाभोवती फिरला. वाङ्मयाचे विद्यार्थी ज्याला अर्थनिर्णयाचा प्रश्न म्हणतात, तो न्यायालयात कसा उभा राहतो, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या भागात नाही. त्याकडे लेखाच्या शेवटी यावयाचे आहे.

२

प्रथम इंग्रजीतील अभ्यासाचा मागोवा थोडक्यात घेऊ. ॲफ्रा बेन, डेलारिव्हिए मॅनली व एलायझा हेवूड या लेखिकांनी सतराव्या शतकाचा शेवट आणि अठराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळात प्रणयकथा लिहिल्या. हेवूडची 'लव्ह इन एक्सेस' १७१९ पासून प्रसिद्ध होऊ लागली. या कथांत पुरुषाचा आग्रह, स्त्रीचा नकार आणि तिच्या मनातील अभिलाष यांची अशी गुंतागुंत असते की, घडले ते मोहात पाडणे होते की जबरदस्ती, हे वाचकाला सहज ठरविता येत नाही. इयान वॅट यांनी १९५७ साली इंग्रजी कादंबरीच्या उदयाचा इतिहास लिहिला, तेव्हा मुख्य स्थान डीफो, रिचर्डसन व फील्डिंग यांना दिले. या लेखिका बाजूला राहिल्या. जेन स्पेन्सर (१९८६) व रॉस बॅलास्टर (१९९२) यांच्या ग्रंथांनी त्यांना पुन्हा मध्यावर आणले.

मधल्या काळात रिचर्डसनच्या 'क्लॅरिसा' (१७४७-४८) या कादंबरीवर एक उद्बोधक वाद झाला. या कादंबरीत नायिकेवर ती गुंगीच्या औषधाने बेशुद्ध असताना बलात्कार होतो. विल्यम वॉर्नर यांनी १९७९ साली या ग्रंथाचे जे वाचन मांडले, ते अत्याचारी लव्हलेसच्या बाजूस झुकणारे होते. टेरी कॅसल यांनी १९८२ साली त्याला उत्तर दिले. क्लॅरिसाच्या शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकार इतरांनी तिच्याकडून हिरावून घेतला, हेच कादंबरीतील हिंसेचे मूळ रूप होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. म्हणजे कादंबरीतील तंटा अभ्यासकांच्या लेखनात पुन्हा उभा राहिला.

लेखिकांच्या हाती हा विषय शतकाच्या अखेरीस अधिक स्पष्ट झाला. मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिच्या मृत्यूनंतर १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या अपूर्ण कादंबरीतील जेमायमा ही मोलकरीण मालकाने केलेला अत्याचार स्वतःच्या तोंडाने सांगते. मेरी हेज हिच्या १७९९ च्या कादंबरीची नायिकाही अत्याचारानंतर गप्प बसत नाही. टोनी बॉवर्स यांनी २०११ साली १६६० ते १७६० या शतकातील कथांचा अभ्यास करताना ग्रंथाला 'बल की छल' अशा अर्थाचे शीर्षक दिले. प्रतिकार आणि शरणागती यांच्या मधल्या अवस्था त्या काळच्या कथांत विपुल आहेत, आणि दोनच कप्पे करून त्यांचा उलगडा होत नाही, हे त्यांनी दाखविले.

३

बल आणि छल ही जोडी आपल्याकडे नवी नाही. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत स्त्रीसंग्रहण हे एक पद आहे. बृहस्पतीने त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: बलाने केलेले, कपटाने केलेले आणि अनुरागातून घडलेले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) या व्यवहारपदाचे विवेचन आले आहे. निजलेल्या किंवा धुंद झालेल्या स्त्रीशी केलेल्या संगाला मनूने पैशाच विवाह म्हटले व त्याला सर्वांत अधम ठरविले. बेशुद्ध क्लॅरिसाचा प्रश्न स्मृतिकारांना अपरिचित नव्हता, असा याचा अर्थ. मात्र स्मृतींची चिंता स्त्रीच्या इच्छेपेक्षा वर्ण, कुल व पतीचा अधिकार यांची अधिक होती, हेही विसरता येत नाही.

शब्दांकडे वळल्यास एक गोष्ट चटकन लक्षात येते. आज 'बलात्कार' हा शब्द एकाच गुन्ह्यासाठी रूढ आहे. संस्कृत व्यवहारग्रंथांत मात्र ऋणकोला बांधून, मारहाण करून कर्ज वसूल करण्याच्या पद्धतीसही बलात्कार म्हटले आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात 'बलात्काराने' याचा अर्थ पुष्कळदा केवळ 'जबरदस्तीने' एवढाच असतो. म्हणून त्या काळच्या स्त्रियांच्या लेखनात हा शब्द शोधत बसल्यास अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागणार नाही. शब्द नाही म्हणून विषय नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल.

मग विषय कोठे दडला आहे? तो क्रियापदांत आहे, असे आमचे मत आहे. मराठीत अकर्मक व प्रयोजक क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत: फसणे व फसवणे, बाटणे व बाटवणे, नासणे व नासवणे, भुलणे व भुलवणे. 'तिला फसवले' म्हटले की कोणी, हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'ती फसली' म्हटले की तो प्रश्न मिटतो, आणि जे घडले ते तिच्याच ठिकाणी आपोआप घडल्यासारखे भासते. 'पाऊल घसरले', 'पाऊल वाकडे पडले' या वाक्प्रचारांत तर कर्ता तिचे पाऊलच होय. पुरुषाविषयीही 'बिघडला', 'बहकला' असे म्हणतात, हे खरे. पण त्याचे बहकणे उपदेशाने संपते, तिचे फसणे घराबाहेर काढण्याने. व्याकरण एकच असले तरी त्याची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही.

याला 'अब्रू' या शब्दाची जोड द्यावी. 'अब्रू घेतली' या वाक्यात कर्ता आहे, पण कर्माच्या जागी स्त्री नसून घराण्याची मालमत्ता आहे. बदनामीच्या गुन्ह्याला मराठीत अब्रूनुकसानी म्हणतात. म्हणजे निंदेने होणारी हानी आणि देहावरचा अत्याचार ही दोन्ही एकाच नामाखाली येऊन बसली. जिची अब्रू गेली तिला काय सोसावे लागले, हे सांगण्यास त्या नामात जागा उरली नाही.

४

या पार्श्वभूमीवर ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' (पुणे, १८८२) या निबंधाकडे पाहावे. ताराबाई आपल्याच विदर्भातील, बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. निबंधास निमित्त झाले ते १८८१ सालच्या सुरतकडील विजयालक्ष्मी खटल्याचे. या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आणण्यात आली, व नंतर आणखी कमी झाली. वर्तमानपत्री चर्चेत स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर झोड उठली. त्या मुलाचा बाप या चर्चेत जणू अस्तित्वातच नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, ते अशाच स्त्रियांसाठी होते.

ताराबाईंनी केले ते असे की, गाळलेला कर्ता त्यांनी वाक्यात परत आणून बसविला. त्या पुरुषांना 'तुम्ही' म्हणून थेट संबोधतात; भुलवणारा कोण, वचन देणारा कोण, दिवस गेल्यावर नामानिराळा होणारा कोण, याचा जाब विचारतात. बृहस्पतीच्या परिभाषेत सांगावयाचे तर, लोक ज्याला अनुराग म्हणत होते त्याला ताराबाई छल म्हणतात. शिवाय 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावरही त्यांनी टीका केली आहे. त्यामुळे हा निबंध कथात्मक नसला, तरी मराठी कथावाङ्मयाची स्त्रीने केलेली समीक्षा म्हणून त्याचे स्थान अगदी आरंभीचे ठरते.

फुल्यांनी 'सत्सार'मध्ये (१८८५) या निबंधाची बाजू घेतली. त्यानंतर मात्र तो विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा संपादून प्रसिद्ध केला, म्हणजे मध्ये ९३ वर्षे लोटली. सुसी थारू व के. ललिता यांच्या भारतीय स्त्री-लेखनाच्या संकलनाने आणि रोझलिंड ओहॅन्लन यांच्या इंग्रजी भाषांतराने (१९९४) तो मराठीबाहेर पोहोचला. या अभ्यासांत निबंधाचा सामाजिक संदर्भ तपशिलाने आला आहे. त्याच्या वाक्यरचनेचा अभ्यास मात्र अद्याप व्हावयाचा आहे. ताराबाईंची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यांची दृष्टी प्रामुख्याने प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांवर, त्यांतही विधवांवर स्थिरावते. शेतावर, रानात किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या स्त्रीवरील बळजबरी मराठी स्त्री-गद्यात ठळकपणे येण्यास फार काळ जावा लागला.

५

कथावाङ्मयात हा विषय अधिक संकोचाने येतो. साळूबाई तांबवेकरांच्या 'चंद्रप्रभाविरहवर्णन'पासून (१८७३) स्त्रियांच्या कथालेखनाचा आरंभ मानतात. ते अद्भुतरम्य वळणाचे आहे. काशीबाई कानिटकरांनी सामाजिक कादंबरी लिहिली आणि 'पालखीचा गोंडा'मध्ये (१९२८) स्त्रियांनी चालविलेल्या राज्याचे कल्पनाचित्र रेखाटले. सत्ता स्त्रियांच्या हाती असती तर जग कसे असते, हे त्यात आहे. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंचे हे सारे लेखन साक्षेपाने पुढे आणले.

खरे वळण १९३३ साली आले. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह प्रसिद्ध केला व मोठा गहजब झाला. वस्तुतः त्या कथांत शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट होती. स्त्रीने स्वतःचा अनुराग उच्चारला, हाच तिचा अपराध ठरला. लेखिकेस आपले खरे नाव बराच काळ लपवावे लागले.

या घटनेचा आपल्या विषयाशी संबंध दूरचा वाटेल, पण तो अगदी निकटचा आहे. ज्या समाजात स्त्रीला 'मला हवे आहे' असे म्हणण्याची मुभा नाही, तेथे तिच्या 'नको' या शब्दालाही अर्थ उरत नाही. कारण सभ्य स्त्री नेहमीच 'नको' म्हणणार, हे गृहीत धरलेले असते. आणि जिने एकदा 'हवे' म्हटले, तिचा पुढचा प्रत्येक नकार खोटा मानला जातो. म्हणून अनुराग सांगणाऱ्या कथा आणि बळजबरी सांगणाऱ्या कथा यांचा अभ्यास वेगवेगळा करता येणार नाही.

६

देसाईगंजच्या खटल्यात हेच दिसले. ती मुलगी स्वतःच्या पसंतीच्या तरुणाशी लग्न करू पाहत होती. भावाने तक्रार केली आणि त्यामुळे २६ मार्च १९७२ रोजी तिला पोलीस ठाण्यात यावे लागले. तेथेच अत्याचार घडला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिचे आधीचे संबंध तिच्याच विरुद्ध मोजले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली निर्णय फिरविला. भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद त्या निकालात केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो अमान्य केला: अंगावर जखमेची खूण नाही, म्हणून प्रतिकार नाही, आणि म्हणून संमती.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने सुरू झालेल्या चळवळीतून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ साली कायद्यातच लिहिले गेले. खुले पत्र हे एका अर्थी निकालपत्राचे समीक्षण होते. न गाळता येणारा एक प्रश्न त्याने पुन्हा विचारला: रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दोन पोलिसांसमोर एका गरीब मुलीने आणखी काय करावयास हवे होते?

अधिकृत नोंदीत हा खटला आरोपीच्या नावाने आहे. लोकांच्या तोंडी तो त्या मुलीच्या नावाने राहिला. येथे ते नाव मुद्दाम दिलेले नाही. तिची ओळख एका रात्रीपुरती करून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही, अभ्यासकालाही नाही.

७

आतापर्यंतच्या विवेचनावरून पदव्युत्तर अभ्यासासाठी एक साधी पद्धती सुचविता येईल. जुन्या मासिकांतील कथा, कादंबऱ्या व आत्मवृत्ते वाचताना 'बलात्कार' हा शब्द न शोधता स्त्रीविषयीची क्रियापदे टिपावीत. कर्ता कोठे आहे, कोठे गाळला आहे, आणि तो गाळणारा निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे पाहावे. स्त्री-लेखिका नेहमी कर्ता परत आणतात असा आमचा दावा नाही. पुष्कळदा त्याही 'ती फसली' असेच लिहितात, कारण त्यांना मिळालेली भाषा तीच होती. परंतु जेथे एखादी लेखिका ती सवय मोडून 'फसवली' असे लिहिते, ते वाक्य खुणेने राखून ठेवावे. मराठीतील या विषयाचा इतिहास अशा वाक्यांच्या नोंदींपासूनच लिहावा लागेल.