वाटाण्याचा वेल आणि आगकाड्या

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन मुंबईला परतले. चित्रपटासाठी भांडवल हवे होते. पण पैसे देणाऱ्याला पटवायचे कसे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी रुजले, वेल वाढला. भांडवल उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

यामागचे गणित सोपे आहे. तासाला एक चौकट टिपली आणि सेकंदाला १६ चौकटी दाखवल्या, तर अख्खा दिवस दीड सेकंदात सरतो.

पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. तंत्र तेच, एकेक चौकटीचे. फरक मात्र मूलभूत. वाटाणा स्वतः वाढत होता, कॅमेऱ्याने फक्त काळ आकसला. आगकाडी निर्जीव, दर दोन चौकटींच्या मध्ये ती हाताने सरकवावी लागे. पडद्यावरची तिची हालचाल प्रत्यक्षात कधी घडलीच नव्हती. हेच अॅनिमेशन. आगकाडीच्या जागी रेखाचित्र ठेवा, मातीची बाहुली ठेवा किंवा संगणकातली आकृती. तत्त्व बदलत नाही.

आज वर्गात पेशीविभाजनाची फीत दाखवताना दोन्ही प्रकार समोर येतात. म्हणून विद्यार्थ्यांना आधी एक प्रश्न जरूर विचारावा: हे घडताना टिपले आहे, की कोणी समजुतीप्रमाणे रचले आहे? पहिला पुरावा असतो, दुसरे स्पष्टीकरण.