मूडल

विद्यापीठीय अध्यापनासाठी जगभर वापरली जाणारी मुक्त संगणकप्रणाली. पर्थ (ऑस्ट्रेलिया) येथील कर्टिन विद्यापीठात वेबसीटी या विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीची देखभाल करताना तिच्या मर्यादांना कंटाळलेल्या मार्टिन डुगियामस यांनी ती घडवली. १.० ही आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी प्रसिद्ध झाली. डुगियामस यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले. तिथली शाळा रेडिओवरून भरे, त्यामुळे दुरून शिकणे त्यांना लहानपणापासूनच परिचयाचे होते.

मूडल पीएचपी भाषेत लिहिलेली असून जीपीएल परवान्याखाली मिळते. कोणतीही संस्था ती आपल्या सर्व्हरवर बसवून हवे ते बदल करू शकते. परवान्याचे पैसे वाचतात, पण सर्व्हर सांभाळणारा जाणकार माणूस लागतोच. हा खर्च अंदाजपत्रकात बहुधा राहून जातो.

प्रत्येक विषयाचे स्वतंत्र पान असते. त्यावर टिपणे, चाचण्या, चर्चा आणि गुण एकत्र राहतात. स्वाध्याय उशिरा आल्यास किती उशीर झाला ते नावापुढे लाल अक्षरांत उमटते. मुदतीची वेळ रात्री १२ ठेवली, तर ती त्या तारखेच्या आरंभीची धरली जाते. विद्यार्थी मात्र तारीख संपतानाची समजतात. म्हणून अनुभवी प्राध्यापक ११.५५ लिहितात.

विद्यार्थ्यांनी परस्परांशी बोलत, काहीतरी घडवत शिकावे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मूडल पीडीएफ ठेवण्याचे कपाट होऊन बसते. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटी मुंबईमध्ये तिचा नियमित वापर होतो.