रणगाड्यांना वाट करून देणारा परमवीर

युद्धातील शौर्य म्हटले की शत्रूवर चाल करून जाणारा जवान डोळ्यांसमोर येतो. मेजर राम राघोबा राणे यांचे शौर्य निराळ्या जातीचे होते. त्यांनी रस्ता साफ केला. मात्र हे काम मशिनगनच्या माऱ्यात, सुरुंगांच्या पट्ट्यात आणि अंगावर जखम घेऊन चार दिवस चालले होते.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. कुटुंब कारवारजवळच्या चेंडिये गावचे, वडील पोलीस शिपाई. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण सलग होऊ शकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये दाखल झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. तेथील माघारीच्या वेळी मागे राहिलेल्या तुकडीला न्यायला नौदलाची मदत पोहोचली नाही, तेव्हा जपान्यांना चुकवत नदी ओलांडून ते आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. शिपायापासून वर चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

काश्मीरचे युद्ध तेव्हा सुरू झालेले होते. राजौरी घुसखोरांच्या ताब्यात होते आणि तेथील नागरिकांच्या जीविताचा प्रश्न होता. नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, झाडे आडवी टाकून आणि मोऱ्या उडवून बंद केला होता. रणगाडे पुढे गेल्याशिवाय राजौरी मिळणे कठीण, आणि रस्ता झाल्याशिवाय रणगाडे जाणे अशक्य!

८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास नादपूरजवळ कामाला हात घालण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्यांना पुन्हा उभे केले. सायंकाळी बरवालीची डोंगरधार हाती आली तरी भोवतालचा शत्रू पुरता हटला नव्हता. त्याच्या नजरेसमोर रात्री दहापर्यंत वळणरस्त्याचे काम चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा आरंभ. दुपारी तीनला रणगाडे निघाले, तेव्हा राणे सर्वांत पुढच्या गाडीत होते. अर्ध्या मैलावर आडवी टाकलेली चीडची झाडे सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे मोडलेली मोरी. अंधार पडत असताना पाच मोठ्या झाडांचा, सुरुंगांनी वेढलेला अडथळा लागला, तेव्हा पथकप्रमुखाने तांडा थांबवला. राणे यांची थांबण्याची तयारी नव्हती. १० तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच अडथळ्यापाशी होते आणि साडेसहाला तो दूर झाला. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. येथे थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रस्ता हवा, म्हणून ते अन्नविश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेलाही रात्री दहापर्यंत काम चालले. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाले.

त्या एप्रिलात मराठवाड्यातील देगलूर, नांदेड ही गावे अद्याप निजामाच्या राज्यात होती. त्यांची मुक्तता आणखी पाच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला झाली. स्वतंत्र देशाचा नकाशाच तेव्हा पुरा व्हायचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रस्त्याचे मोल कळते.

परमवीरचक्राच्या पहिल्या पाच मानकऱ्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर मिळाले. हयात असलेले दोघे म्हणजे लान्स नाईक करमसिंग आणि राणे. हा सन्मान मिळाल्यानंतरही राणे यांची नोकरी पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. संसार उशिरा, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९५५ साली थाटला. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व मुले असा परिवार होता.

शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले होते. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटालाही ते मिळाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, ‘चपळ’ या जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी, २००६ पासून त्यांचा पुतळा उभा आहे.